ब्रिटनमधून पर्थला जाताना: घरखर्च किराण्यावर नाही, व्हिसावर ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्लाऊमधलं मराठी कुटुंब, चौघांकडेही ब्रिटिश पासपोर्ट. नवरा आयटीत, बायको एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) नर्स, दोघंही चाळिशीच्या आत. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. पर्थच्या एका कंपनीने नवऱ्याला ‘१,२०,००० डॉलर पॅकेज’ आणि ४८२ क्रमांकाचा (मालकाने स्पॉन्सर केलेला, ठरावीक मुदतीचा) व्हिसा देऊ केला आहे. एवढ्यात तिथे भागेल का आणि जायलाच किती पैसे लागतील?

एकाच्या पगारावर भागणार नाही. दोघांच्या पगारावर भागेल, पण ४८२ वर ओढाताण होईल आणि पर्मनंट रेसिडन्सीवर (पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना) बऱ्यापैकी शिल्लक पडेल. घर तेच, बाजारहाट तोच, तरी दोन व्हिसांत वर्षाला जवळपास २०,००० डॉलरचा फरक पडतो. तो कसा, ते पुढे येतंच. खालचे सगळे डॉलर ऑस्ट्रेलियन आहेत, आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे (१ जुलै ते ३० जून) आणि हिशेबाला १ पौंड म्हणजे ढोबळमानाने २ डॉलर धरलाय.

आधी पॅकेजचं बघू, कारण पहिला घोळ तिथेच होतो. ऑस्ट्रेलियात मालकाने पगाराच्या वर १२ टक्के रक्कम सुपरमध्ये, म्हणजे निवृत्ती फंडात, भरायची असते. ऑफर लेटरात ‘पगार १,२०,००० अधिक सुपर’ असं असेल, तर आयकर २६,७८८ आणि मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्य योजनेसाठीचा कर) २,४०० वजा जाऊन महिन्याला हातात ७,५६७ पडतात. पण शब्द ‘पॅकेज’ असेल, तर बहुतेक वेळा त्या आकड्यात सुपर धरलेलं असतं. मग मूळ पगार उरतो १,०७,१४३ आणि हातात ६,८३९. महिन्याला सातशेवर डॉलर एका शब्दात गेले. त्यामुळे सही करण्याआधी ईमेलवर एकच प्रश्न विचारा: बेस सॅलरी किती? घासाघीस करायची ती त्या आकड्यावर करा, आणि ती तिथे चालते.

पोहोचल्यावर टॅक्स फाइल नंबर लगेच काढा आणि मालकाला २८ दिवसांच्या आत द्या, नाहीतर ४७ टक्के कापतात. वर्षाच्या मधेच गेलात तर १८,२०० ची करमुक्त मर्यादा पूर्ण मिळत नाही. १३,४६४ ठरलेले, आणि वरच्या ४,७३६ चा उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात हिस्सा. म्हणजे जानेवारीत पोहोचलात तर १५,८३२. तरीही पहिल्या वर्षी बहुधा रिफंडच येतो, कारण पगार सहा महिन्यांचा असतो आणि दर महिन्याची कपात मात्र वर्षभराचा पगार धरून झालेली असते.

आता महिन्याचा खर्च. भाडं तिथे आठवड्यावर सांगतात. ते चाराने गुणून महिन्याचं काढलंत की वर्षात चार आठवडे गायब होतात. ५२ ने गुणा, १२ ने भागा. पर्थमध्ये बऱ्या शाळेच्या हद्दीत तीन-चार खोल्यांचं घर आठवड्याला ६५० ते ७५० डॉलर धरा. ७०० चं घेतलं तर महिना ३,०३३. किराणा आठवड्याला ४०० धरून १,७३०. वीज, गॅस, पाणी मिळून ३५०. इंटरनेट आणि फोन १८०. दोन गाड्यांचं पेट्रोल, रेगो (गाडीची नोंदणी), विमा, सर्व्हिसिंग धरून ९००. कुटुंबाचा खासगी आरोग्य विमा ४५०. शाळेचा गणवेश, सहली, वह्या-पुस्तकं १५०. कपडेलत्ते, दंतवैद्य, बाहेरचं खाणं आणि भारताच्या तिकिटांसाठी बाजूला टाकायचे असे ८००. बेरीज ७,५९३. म्हणजे १,२०,००० अधिक सुपर मिळाले तरी महिनाअखेर हातात शून्य, आणि पॅकेज असेल तर दर महिन्याला साडेसातशेची खोट. यात डे केअर अजून धरलेलंच नाही.

या यादीत दूध-पाव किती स्वस्त, कोल्स बरं की आल्डी, यावर लोक तासन् तास घालवतात. दात कोरून पोट भरत नाही. किराण्यात कितीही काटकसर केली तरी महिन्याला दोनशे डॉलर वाचतील. त्याऐवजी भाडं ७०० वरून ६२० वर आणलंत, तर साडेतीनशे वाचतात. एक गोष्ट मात्र ब्रिटनच्या तुलनेत फायद्याची आहे: भाडेकरूला काउन्सिल टॅक्स (ब्रिटनमध्ये राहणाऱ्याने भरायची घरपट्टी) नाही. तिथले काउन्सिल रेट्स घरमालक भरतो, तुमच्याकडे फक्त वापरलेल्या पाण्याचं बिल येतं. इंग्लंडमध्ये बँड डी चा सरासरी काउन्सिल टॅक्स २०२५-२६ मध्ये २,२८० पौंड आहे, म्हणजे महिन्याला ३८० डॉलरच्या आसपासचा बोजा उतरतो. भाड्यांची तुलना करताना हा आकडा ब्रिटनच्या बाजूला मिळवायला बहुतेकजण विसरतात आणि पर्थ आहे त्यापेक्षा महाग वाटतं.

आता दोन व्हिसांमधला फरक. तुमच्या पत्नी आठवड्यात तीन दिवस काम करतात आणि वर्षाला ६५,००० कमावतात असं धरू. त्यांच्या हातात महिन्याला ४,४५० पडतील. पॅकेजवाल्या ६,८३९ मध्ये मिळवले तर घरात ११,२९० येतात. मुलाला तीन दिवस डे केअर लागेल. दिवसाचे १५० धरले तर महिना १,९५०. पर्मनंट रेसिडेंटला यावर चाइल्ड केअर सबसिडी मिळते, ४८२ वाल्यांना नाही. तुमच्या उत्पन्नाला ती साधारण ७२ टक्के बसते. सबसिडी तासाला १४.६३ डॉलर या मर्यादेवर मोजतात, म्हणजे दहा तासांच्या दिवसाला १०५ च्या आसपास सरकार भरतं आणि तुमच्या वाट्याला ४५ येतात, महिन्याला ५८५. शिवाय सरकार त्यातले ५ टक्के वर्षअखेरच्या ताळेबंदापर्यंत राखून ठेवतं, त्यामुळे सुरुवातीला थोडं जास्त जाईल. जानेवारी २०२६ पासून पंधरवड्याला निदान ७२ तासांची सबसिडी, आई-बाप किती तास काम करतात ते न बघता, मिळते.

दुसरा फटका शाळेचा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ४८२ वाल्या कुटुंबाला सरकारी शाळेसाठी वर्षाला ४,००० डॉलर भरावे लागतात. सुदैवाने ते कुटुंबामागे आहेत, मुलामागे नाहीत. पर्मनंट रेसिडेंटला ही फी नाही.

म्हणजे ४८२ वर महिन्याचा खर्च ९,८७६ होतो आणि उरतात १,४०० च्या आसपास. पर्मनंट रेसिडन्सीवर खर्च ८,१७८ आणि शिल्लक ३,१००. मी म्हटलेले वर्षाचे वीस हजार ते हेच. सबसिडीला प्रतीक्षाकाळ नाही, पण बाकीच्या बहुतेक कौटुंबिक भत्त्यांसाठी नव्या रेसिडेंटला काही काळ थांबावं लागतं. तेव्हा चाइल्ड बेनिफिटसारखं काही लगेच मिळेल अशा भरवशावर राहू नका. आणि एक लक्षात असू द्या: सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आई-बापांना नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला ३० तास, शाळेच्या ३८ आठवड्यांपुरते, सरकारी खर्चाने मिळतात. ते तुम्ही सोडून चालला आहात. मुलगा चार वर्षांचा झाला की ताण हलका होतो. ३० जूनपर्यंत चार पूर्ण झालेल्या मुलाला तिथे सरकारी शाळेत आठवड्याला १५ तास किंडरगार्टन मिळतं.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. अर्ज नवऱ्याच्या ऑफरवर उभा करण्याऐवजी मुख्य अर्जदार बायको होऊ शकते का, ते आधी तपासा. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनसह काही देशांतल्या अनुभवी रजिस्टर्ड नर्सना ऑस्ट्रेलियात नोंदणीचा जलद मार्ग खुला आहे. नोंदणी, मग कौशल्य मूल्यांकन, मग राज्याचं नामांकन आणि १९० व्हिसा, म्हणजे गुणांवर मिळणारी पर्मनंट रेसिडन्सी. वयाची अट ४५ च्या आतली आहे आणि चाळिशीपर्यंत वयाचे गुण जास्त मिळतात, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नका. ब्रिटिश पासपोर्टवर इंग्रजीची परीक्षा न देता ‘कॉम्पिटंट’ धरतात, पण त्याचे गुण शून्य. आयईएलटीएस किंवा पीटीई देऊन सर्वोच्च पातळी गाठली, तर २० गुण मिळतात. काही हजार डॉलरच्या अर्जात एवढ्या स्वस्तात गुण मिळवून देणारी दुसरी गोष्ट नाही. गेल्या दहा वर्षांत भारतात एकूण १२ महिने राहिला असाल, तर ब्रिटनच्या पोलिस दाखल्याबरोबर भारताचाही लागतो. तो वेळखाऊ आहे, आधी त्याच्या मागे लागा.

नोकरी हातची जाऊ नये म्हणून ४८२ वर जायचंच ठरलं, तरी १९० ची फाइल समांतर चालू ठेवता येते. स्पॉन्सरशिप, नॉमिनेशन आणि प्रशिक्षण लेव्हीचा खर्च कायद्याने मालकाचा असतो, तो तुमच्या पगारातून वळता करता येत नाही. व्हिसाची फी मात्र कोण भरणार, ते लेखी घ्या. ४८२ वर असताना ब्रिटनशी असलेल्या करारामुळे गरजेच्या उपचारांपुरतं मेडिकेअर मिळतं. आणखी एक जमेची बाजू: टेम्पररी रेसिडेंटच्या परदेशातल्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ऑस्ट्रेलिया बहुतांशी कर लावत नाही. उलट १ एप्रिल २०२५ पासून टेम्पररी रेसिडेंटना जुनं, आधी बांधलेलं घर विकत घेण्यावर बंदी आहे.

जायचा एकरकमी खर्च म्हणजे नमनालाच घडाभर तेल. १९० ची फी मुख्य अर्जदाराला ४,९१०, जोडीदाराला २,४५५, मुलांना प्रत्येकी १,२३०, एकूण ९,८२५. मूल्यांकन, वैद्यकीय तपासण्या, दाखले, परीक्षा मिळून ५,००० धरा. विमानतिकिटं ७,०००. वीस फुटी कंटेनर दारापासून दारापर्यंत १२,०००. पहिले चार-पाच आठवडे सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये ६,०००. घराचा चार आठवड्यांचा बाँड (अनामत) आणि दोन आठवड्यांचं आगाऊ भाडं ४,२००. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग-गाद्या ४,०००. एक बरी सेकंडहँड गाडी २०,०००. हे झाले ६८,०००. वर तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा, म्हणजे ९०,००० च्या पुढे, साधारण ४५,००० पौंड. तीन महिन्यांची गंगाजळी नसताना गेलेली कुटुंबं पहिल्याच धक्क्याला क्रेडिट कार्डावर येतात, कारण नवख्याला तिथे कर्ज सहज मिळत नाही.

पैसे पाठवताना बँकेचा दर आणि बाजारातला दर यांतला फरक बघा. २ टक्के म्हटलं तर क्षुल्लक वाटतं, पण घर विकून आलेल्या १,००,००० पौंडांवर ते २,००० पौंड होतात. बँकेऐवजी परकीय चलनाच्या कंपनीचा भाव घ्या, आणि मोठी रक्कम असेल तर ठरावीक दर आधी बांधून ठेवा.

कंटेनरबद्दल. वर्षभर तुमच्या मालकीचं आणि वापरातलं घरसामान कर न भरता आणता येतं, म्हणून जाण्याच्या तोंडावर नवा टीव्ही आणि सोफा घेऊन कंटेनरात भरण्यात अर्थ नाही. विजेचा दाब दोन्हीकडे सारखाच, २३० व्होल्टचा. त्यामुळे मिक्सर, इस्त्री चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. अडकतं ते जैवसुरक्षेच्या तपासणीत. सायकलीच्या चाकातला चिखल, बुटांच्या तळव्यातली माती, बागेची खुरपी, गवताच्या टोपल्या, साल राहिलेलं लाकूड. एक खोकं उघडायची वेळ आली की तासाच्या हिशेबाने पैसे लागतात, आणि धुऊन किंवा धुरी देऊन घेण्याचा खर्चही तुमच्या माथी. लाकडी पोळपाट-लाटणं, देव्हारा चालतो, पण यादीत लिहा आणि स्वच्छ पुसून, कीड नाही बघून भरा. घरचं लोणचं, मध, तूप, बियाणं, सुटे मसाले कंटेनरात टाकूच नका. यादीत ‘किचन आयटम्स’ असं मोघम लिहिलं की संशय वाढतो. प्रत्येक खोक्यावर नंबर टाका आणि आत काय आहे ते नीट लिहा. कंटेनर यायला दोन-तीन महिने लागतात, तेवढ्यापुरती चार भांडी, कुकर आणि चादरी विमानाने न्या.

घर शोधताना तिथला भाड्याचा इतिहास नाही, हीच मुख्य अडचण. एजंटला एका घरासाठी डझनभर अर्ज येतात. ब्रिटनमधल्या लेटिंग एजंटचं पत्र किंवा मॉर्गेजचे वेळेवर भरलेले हप्ते दाखवणारं स्टेटमेंट, ऑफर लेटर आणि बँकेतली शिल्लक एका पीडीएफमध्ये तयार ठेवा आणि घर बघून बाहेर पडतानाच फोनवरून अर्ज टाका. ठरलेल्या भाड्यापेक्षा जास्त द्या असं एजंटने सुचवणं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बेकायदा आहे. घर मिळाल्यावर प्रॉपर्टी कंडिशन रिपोर्ट हातात येतो. तो सात दिवसांत परत द्यायचा असतो. इथे आळस केला की बाँड अडकतो. ओव्हनच्या आतले जळकट डाग, भिंतीवरचे खिळ्यांचे ठसे, कार्पेटवरचा डाग, खिडकीच्या जाळीतलं भोक, सगळ्याचे फोटो तारखेसह काढा आणि रिपोर्टमध्ये लिहून पाठवा. भाड्याच्या घरात चूल-ओव्हन असतो, फ्रिज आणि वॉशिंग मशीन बहुधा नसतं. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं.

पर्थ लांबच लांब पसरलेलं आहे, म्हणून दोघंही नोकरीला जात असतील तर दोन गाड्या लागतातच. ब्रिटिश लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं. ब्रिटनमधल्या विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्र आणा, हप्ता उतरतो. जुनी गाडी घेण्याआधी दोन डॉलरची पीपीएसआर तपासणी करा. गाडीवर कर्ज राहिलेलं असेल तर ती तुमच्या दारातून उचलून नेऊ शकतात. २५,००० पर्यंतच्या गाडीवर २.७५ टक्के ड्युटी लागते, ती किमतीत धरा. पेट्रोलचे भाव पर्थमध्ये आठवड्याच्या चक्राने फिरतात: मंगळवारी सगळ्यात कमी, बुधवारी उसळी. फ्युएलवॉच या सरकारी साइटवर उद्याचे भाव आजच दिसतात. मंगळवारी टाकी भरायची सवय लावली की वर्षाला काहीशे डॉलर सहज वाचतात. मुलीचा शाळेच्या दिवसांचा बस-ट्रेनचा प्रवास स्मार्टरायडर कार्डावर फुकट आहे.

आरोग्याच्या खर्चात ब्रिटिश माणूस फसतो तो तीन ठिकाणी. डॉक्टर बल्क बिल करत नसेल, म्हणजे पूर्ण बिल थेट मेडिकेअरकडून घेत नसेल, तर दर भेटीला खिशातून ४० डॉलरच्या आसपास जातात. नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्या मेडिकेअरधारकांना बल्क बिल करणाऱ्या दवाखान्यांना जास्त अनुदान मिळतं, तेव्हा नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या. मोठ्यांचे दात मेडिकेअरमध्ये नाहीत. आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात अँब्युलन्स फुकट नाही, एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या पुढे जातं. निदान अँब्युलन्स कव्हर पहिल्याच आठवड्यात घ्या. हॉस्पिटल विमा मात्र तुमच्या उत्पन्नाला सक्तीसारखा नाही; हा विमा नसल्याबद्दलचा जादा कर दोन मुलं असलेल्या कुटुंबाला २,०३,५०० च्या वर लागतो. पत्नी पूर्णवेळ करू लागल्या आणि सरकारी हॉस्पिटलचं सॅलरी पॅकेजिंग (पगाराचा काही भाग करमुक्त खर्चांच्या रूपात) घेतलं, तर कागदावरचं उत्पन्न आणखी फुगतं आणि ही मर्यादा ओलांडू शकते. पर्मनंट रेसिडेंटने मेडिकेअर नोंदणीपासून एका वर्षात हॉस्पिटल विमा घेतला, तर तिशीनंतरच्या दर वर्षाला २ टक्के असा दहा वर्षांचा चढा हप्ता लागत नाही.

मुलीच्या कॉलेजचा हिशेब आत्ताच करा. पाच वर्षांनी ती १८ ची होईल. तिथल्या पर्मनंट रेसिडेंटला अनुदानित फीमध्ये प्रवेश मिळतो, पण फीचं सरकारी कर्ज नागरिकांनाच. रेसिडेंटने रोख भरायची. नागरिकत्वाला चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पर्मनंट म्हणून. म्हणजे पोहोचल्यापासून तिसरं वर्ष संपेपर्यंत पीआर हातात हवी, नाहीतर मुलगी मधल्या मधे अडकते. परत इंग्लंडला पाठवू म्हणाल, तर ९,५३५ पौंडांची होम फी मिळायला कोर्सआधी सलग तीन वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य लागतं. नाहीतर ब्रिटिश पासपोर्ट असूनही परदेशी विद्यार्थ्याची फी पडते.

ब्रिटनमधली आवराआवर. टॅक्स खात्याला पी८५ भरा, जादा कापलेला कर परत येतो. घर भाड्याने देणार असाल तर मॉर्गेज कंपनीची परवानगी आणि एनआरएल१ फॉर्म. तो नसेल तर एजंट भाड्यातून २० टक्के कापून ठेवतो. पर्मनंट रेसिडेंट म्हणून पोहोचाल त्या दिवसाचं घराचं मूल्यांकन लेखी घ्या, पुढे विकताना ऑस्ट्रेलियाचा भांडवली नफा त्या किमतीपासून मोजला जातो. आयसात (ब्रिटनच्या करमुक्त बचत खात्यात) नवे पैसे भरता येणार नाहीत, आणि पीआरवर त्याच्या व्याज-लाभांशावर ऑस्ट्रेलियात कर लागतो. एनएचएस पेन्शन आहे तिथेच राहू द्या, ते महागाईप्रमाणे वाढत राहतं.

स्टेट पेन्शनचं तसं नाही. ऑस्ट्रेलियात ते सुरू होईल त्या आकड्यावर गोठतं. कॅनडा, न्यूझीलंड आणि भारतातही तेच, त्यामुळे म्हातारपणी पुण्याला परतायचा बेत असेल तरी हाच हिशेब लागू. पूर्ण पेन्शनला नॅशनल इन्शुरन्सची (ब्रिटनमधल्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांची) ३५ वर्षं लागतात, किमान १०. परदेशातून आठवड्याला ३.५० पौंडांत वर्षं भरून काढायची सोय ६ एप्रिल २०२६ पासून बंद झाली. आता महाग असा ऐच्छिक क्लास ३ हप्ताच, आठवड्याला १८ पौंडांच्या आसपास, आणि तोही ब्रिटनमध्ये दहा वर्षांचं वास्तव्य किंवा दहा भरलेली वर्षं असतील तरच. दोघांचीही नोंद सरकारी खात्यात आत्ताच बघा. एखाद्याची नऊ वर्षं भरली असतील, तर निघायची तारीख काही महिने पुढे ढकलून दहावं पूर्ण करा.